कोरांटी लावायची आहे? मग आधी जुलैचा विचार करा

दिवाळीच्या आसपास गोव्यातल्या कुठल्याही गावात जरा पायी फिरलात तर गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला, देवळामागच्या चढावर, नाहीतर कोणाच्या पडीक भाटाच्या (बागायतीच्या) तोंडाशी हळदीपेक्षा जरा केशरट अशा पिवळ्या फुलांचं एक काटेरी झुडूप दिसतं, ती कोरांटी. तिथे ती कोणी मुद्दाम लावलेली नसते, कोणी पाणी घातलेलं नसतं, तरी भरभरून फुललेली असते. आणि हीच कोरांटी हौसेने घरी आणली, रोज दोन वेळा पाणी घातलं, महागातलं खत दिलं की दोन महिन्यांत बुडाशी काळी पडून मरते. माझ्याकडे पहिली दोन वर्षं हेच झालं. तिसऱ्या वर्षी घरात लग्न होतं त्यामुळे झाडांकडे बघायला वेळच नव्हता, आणि नेमकी त्या वर्षी कोरांटी जगली. त्यानंतर वाड्यावरच्या बायका फांद्या मागायला यायला लागल्या आणि प्रत्येकीला तेच तेच सांगावं लागतं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतेय. ज्यांनी आजवर तुळस आणि मनी प्लांट सोडून काही लावलेलं नाही त्यांनाही जमेल.

आधी झाड नीट ओळखा

हे सांगायची वेळ येऊ नये पण येते. आमच्या ओळखीतल्या एकाने कोरांटी म्हणून पिवळा धोतरा उपटून आणला होता. काटे दोघांना आहेत, फुलं दोघांची पिवळी, पण धोतऱ्याच्या पानालाच काटे असतात, पान निळसर हिरवं आणि पांढऱ्या शिरांचं, आणि देठ मोडला की पिवळा चीक येतो. त्याचं बी विषारी असतं, मोहरीच्या तेलात भेसळ होऊन माणसं आजारी पडतात ती त्याच्यामुळेच, तेव्हा ते घरात नकोच.

कोरांटीचं पान साधं, गुळगुळीत, समोरासमोर जोडीने येणारं, टोकाला बारीकसं टोचणारं. काटे पानाला नसतात, पान जिथे फांदीला लागतं त्या बेचक्यात असतात, बारीक, लांब, पांढुरके, तीन-चार एकत्र. फूल जवळून बघा, चार पाकळ्या वरच्या बाजूला एकत्र आणि एक खाली एकटीच. एवढं जुळलं की कोरांटीच. झुडूप चार-पाच फुटांच्या वर सहसा जात नाही.

तीच वज्रदंती. टीव्हीवरच्या जाहिरातीमुळे ते नाव सगळ्यांना पाठ आहे पण झाड बघितलेलं नसतं. संस्कृतात पिवळ्या कोरांटीला कुरण्टक म्हणतात, म्हंजे आपला शब्द सरळ तिथूनच आलाय. शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनायटिस, नर्सरीत विचारायचं असेल तर हेच सांगा, कारण नुसतं कोरांटी म्हटलं तर बहुतेक वेळा ती जांभळ्या नाहीतर पांढऱ्या फुलांची, बिनकाट्यांची बार्लेरिया क्रिस्टाटा हातात देतात. तीही छानच आहे, पण ही नव्हे. आणि घराण्याने बघाल तर ही आपल्या आबोलीची चुलतबहीण, अडुळसा आणि कारवी पण त्याच घरातले. हे लक्षात असू द्या, पुढे बियांच्या वेळी कामाला येणार आहे.

फांदी आणायची कुठून

झाड मुळासकट उपटू नका. एक तर मोठं झालेलं झाड उपटून लावलं की बहुतेक जगत नाही, मुळं दगडात खोल गेलेली असतात, ती तुटतात. आणि दुसरं म्हंजे गरजच नाही, एका झाडाच्या चार फांद्यांत तुमची अख्खी रांग होते. ज्याचा गडगा, ज्याचं भाट त्याला विचारा, कोण नाही म्हणत नाही, उलट हसतात की हे काटे कशाला हवेत तुला. अभयारण्यातून मात्र काही आणायचं नाही, म्हादई असो, नेत्रावळी असो की खोतीगाव, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिथली पानंफुलंसुद्धा तोडायला बंदी आहे. आणि कोरांटीसाठी तिथवर जायचं तरी कशाला, ती गावातल्या रस्त्यालाच मिळते.

शक्य असेल तर फुलं असताना झाड बघून ठेवा. काही झाडांची फुलं फिकी असतात, काहींची मस्त गडद. मी दसऱ्यानंतर बघून ठेवते, फांदीला सुतळी बांधून येते आणि योग्य वेळी जाऊन त्याच झाडाची आणते. फांदीने लावलेलं झाड आईसारखंच निघतं, म्हणून आई निवडायला वेळ द्या.

योग्य वेळ, म्हंजे खरी गोम इथेच आहे

आपल्याकडे सगळे म्हणतात मृग लागला की काही पण खोचा, लागतं. जास्वंद लागते, शेवगा लागतो, मडगावच्या बाजारातून आणलेली काठी पण लागते. कोरांटी पण लागते, खोटं नाही. पण मृगातली खोचलेली कोरांटी पंधरा दिवसांत पालवी फुटून तुम्हाला खूश करते आणि जुलैत मरते. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. ज्या झाडाला दगडाच्या फटीत, उतारावर, पाणी टिकत नाही अशा जागी राहायची सवय आहे त्याच्या कोवळ्या मुळांना तीन आठवडे भिजत ठेवल्यावर काय होणार.

मला ती सकाळ अजून आठवते. अकरा काड्या लावल्या होत्या, सगळ्यांना हिरवी पालवी, मी रोज मोजत होते. मग आठ दिवस पावसाने उसंत दिली नाही. नवव्या दिवशी बाहेर गेले तर पालवी मान टाकून पडलेली, मला वाटलं पाणी कमी पडलं की काय, एवढ्या पावसात! एक काडी उचलली तर अलगद हातात आली, खालचं टोक काळं, बोटात दाबलं तर साल सुटून आली आणि आत तपकिरी चिखल, वास डबक्याचा. एकेक करून अकराच्या अकरा तशाच. मागच्या पडवीत मात्र एक बारावी काडी होती, जागा उरली नाही म्हणून फुटक्या कपात खोचून कपाटावर ठेवलेली आणि नंतर विसरलेली, ती ठणठणीत.

तर वेळ दोन. एक, चतुर्थी झाल्यावर, म्हंजे साधारण सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा. पाऊस असतो पण दम गेलेला असतो, हवा ओली असते, ऊन अधूनमधून येतं. नवीन माणसाने हीच वेळ धरावी. दुसरी, जूनच्या सुरुवातीला, पण पडवीत नाहीतर पत्र्याखालीच, जिथे उजेड येतो आणि पागोळी पडत नाही. जूनमध्ये लावलेल्या काड्या ऑगस्ट संपेपर्यंत छपराखालून हलवायच्या नाहीत. हिवाळ्यात फुलं संपल्यावर छाटणी करता तेव्हाच्या काड्या पण लागतात, पण मग एप्रिल-मेमध्ये त्यांना सांभाळायला रोज घरी कोणीतरी पाहिजे.

काडी कशी कापायची

खूप कोवळी नको, ती सडते. खूप जुनी, खाकी लाकूड झालेली पण नको, ती महिनोन्महिने तशीच बसते. मधली घ्या, जी वाकवली तर वाकते पण जरा जोर लावला की कट्ट होते. जाडी पेन्सिलीपेक्षा कमी, लांबी वीतभर, तिच्यावर पानांच्या चार-पाच जोड्यांच्या गाठी याव्यात. फूल किंवा कळी असलेली फांदी टाळा, आणि दुसरी मिळालीच नाही तर कळ्या खुडून टाका.

खालचा काप गाठीच्या अगदी खाली, तिरका. वरचा काप गाठीच्या जरा वर, सरळ. तिरकं टोक मातीत, सरळ टोक आकाशाकडे. हे का सांगतेय ते शेवटी कळेल. कात्री बोथट असली तर साल चेंगरते, त्यापेक्षा पेपर कटरचं नवं पातं घ्या, किंवा घरातला सुरा धुवून पुसून.

मग खालच्या दोन-तीन गाठींवरची पानं काढायची आणि तिथले काटे पण. काटे हाताने ओढू नका, साल निघते आणि बोटात टोक मोडून राहतं ते वेगळंच, नखं कापायच्या नेलकटरने बुडाशी कापायचे. मला हे सुचायला दोन वर्षं लागली, तोपर्यंत बागकामाचे हातमोजे घालून झटापट चालायची. वरची दोन पानं ठेवा, मोठी असली तर अर्धी कापा.

मुळं फुटायला मदत करणारी रूटिंग हार्मोनची पावडर मिळते, असेल तर लावा, नसेल तर बाजारात धावू नका, कोरांटीला तिची गरज पडत नाही. काहीजण हळद लावतात. मी लावून आणि न लावून दोन्ही करून बघितलंय, मला फरक दिसला नाही.

माती

इथे खत अजिबात नको. शेणखत नको, गांडूळखत नको, काही नको. मुळं फुटायच्या आधी खत म्हंजे सडायला आमंत्रण. एक भाग जाड रेती आणि एक भाग आपली तांबडी माती चाळून, किंवा रेती आणि कोकोपीट, म्हंजे नारळाच्या काथ्याचा भुसा. रेती नदीची पाहिजे, समुद्रावरची भरून आणू नका, मीठ असतं तिच्यात. आता नदीच्या रेतीचे भाव काय आहेत ते घर बांधणाऱ्यांना विचारा, तर माझा उपाय असा की कुठे चिरे तासायचं काम चालू असेल तिथून जांभ्याचा चुरा पिशवीभर मागून आणायचा, चाळून वरची भुकटी टाकून द्यायची आणि बारीक खडे वापरायचे. पाणी झर्रकन निघून जातं आणि कोरांटीला माहेर मिळाल्यासारखं होतं, ती जांभ्यातच तर वाढलेली असते.

कशात लावायचं तर दुधाच्या पिशव्या, दह्याचे डबे, नारळाच्या करवंट्या, काहीही, फक्त तळाला भोकं मोठी आणि तीन-चार तरी. करवंटीला भोक पाडताना डोळ्याच्या जागी खिळा मारला की एका ठोक्यात होतं. काडी खोचायच्या आधी दुसऱ्या काटकीने भोक करून घ्या, कोरांटीची काडीच घुसवली तर टोकाची साल खरवडते. दोन गाठी मातीत जाऊ द्या, बोटांनी घट्ट दाबा, एकदा पाणी घाला, निथळू द्या आणि सावलीत ठेवा. सावली म्हंजे काळोख नव्हे हां, पेपर वाचता येईल इतका उजेड पाहिजे.

त्यानंतर पाणी केव्हा? बोट एक पेर मातीत घालून बघा, कोरडं लागलं तर घाला, ओलं लागलं तर निघून जा. एवढंच. स्प्रे असेल तर पानांवर सकाळी फवारा मारलात तरी पुरे. आणि रोज काडी उपसून मुळं आलीत का बघू नका! साधारण तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात, नवीन पानांची दुसरी जोडी आली की समजा काम झालं. पहिल्या जोडीवर विश्वास ठेवू नका, ती काडीतल्या शिल्लक रसावर येते, माझ्या अकरांना पण आली होती.

दहा लावल्या तर सहा-सात जगल्या की मी खूश असते. तुमच्या पहिल्या वेळी चार जगल्या तरी छान.

काड्यांची भीती वाटत असेल तर दाब कलम

ज्यांच्या ओळखीत जवळपास झाड आहे त्यांना हे सगळ्यात सोपं. खालची एखादी लवचिक फांदी जमिनीपर्यंत वाकवा, जिथे टेकते तिथे खालून सालीला नखाएवढी चीर द्या, तो भाग दोन बोटं खोल मातीत पुरा आणि वर चिऱ्याचा तुकडा ठेवा म्हंजे उसळून येणार नाही. टोक बाहेर राहू द्या. दोन महिन्यांनी दगड उचलून हळूच माती बाजूला करून बघा, मुळं दिसली की आईकडच्या बाजूने कापा, लगेच उचलू नका, आठवडाभर तिथेच राहू दे मग हलवा. झाडाला माहीतच नसतं की आपल्याला वेगळं केलंय.

बिया, ज्यांना गंमत पाहिजे त्यांच्यासाठी

फुलं गेली की जानेवारीपासून मार्चपर्यंत शेंगा तयार होतात. चोच असलेली छोटी बोंडं, दीड-दोन सेंटीमीटरची, आधी हिरवी मग तपकिरी. एका बोंडात फक्त दोन बिया, चपट्या, वर रेशमासारखी लव. तुम्ही आबोलीच्या शेंगा लहानपणी पाण्यात टाकून फटाफट फोडल्याच असणार, ही पण त्याच घराण्यातली म्हणून हिच्या शेंगा पण तडकतात आणि बिया लांब उडवतात. त्यामुळे आज शेंग तपकिरी दिसली, उद्या काढू म्हटलं, तर उद्या तिथे नुसती दोन फाका उघडून बसलेली असते.

उपाय, शेंगा पिवळट तपकिरी व्हायला लागल्या की फांदीला जुन्या ओढणीचा तुकडा पिशवीसारखा बांधून टाका. किंवा शेंगा काढून घरात वाळवा, पण झाकून! मी एकदा सुपात पसरून जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. रात्री दोन वाजता टिक, मग थोड्या वेळाने टिक टिक, सासूबाई उठून टॉर्च घेऊन पाल शोधतायत, तेवढ्यात एक बी खिडकीच्या काचेवर आपटली, त्यांना वाटलं कोणी खडे मारतंय. सकाळी बिया कुठे कुठे सापडल्या, एक तर देव्हाऱ्यात.

पेरायच्या आधी बिया रात्रभर भिजत घालायची सवय असते आपल्याला, मेथी, मूग, सगळं भिजवतो. इथे नको. पाणी लागलं की ती लव सब्जासारखी बुळबुळीत होते, बिया एकमेकांना आणि बोटांना चिकटतात आणि नीट पेरता येत नाहीत. कोरड्याच, आडव्या ठेवा, वर अर्धा सेंटीमीटर माती भुरभुरवा. मेच्या शेवटी पिशव्यांमध्ये पेरून छपराखाली ठेवल्या तर दोन-तीन आठवड्यांत उगवतात. रोपाला चार-सहा पानं आली की एकेक वेगळं करा. बियांच्या झाडाला माझ्याकडे फुलं दुसऱ्या हिवाळ्यात आली, काड्यांच्या झाडाला कधीकधी पहिल्याच, दोन-चार का होईना. धीर नसेल तर काडीच बरी.

जमिनीत कुठे लावायचं

ऊन पाच-सहा तास तरी पाहिजे. सावलीत जगते पण लांबलचक होते आणि फुलं नावाला. माडाच्या खाली चालेल, फणसाखाली नको.

दुसरी गोष्ट, उंच. अंगणात पावसाचं पाणी कुठून वाहतं, कुठे साठतं ते एकदा जुलैत छत्री घेऊन बघून ठेवा, तिथे लावू नका. गडग्याच्या बुडाशी उंचवट्याच्या बाजूला, चढाच्या कडेला, नाहीतर सरळ मातीचा वीतभर उंच बांध घालून त्याच्यावर लावा. खड्डा फूटभर लांब-रुंद-खोल, तळाला जांभ्याचे तुकडे, मग निघालेलीच माती आणि त्यात दोन मुठी जुनं शेणखत, बस. चुना वगैरे घालायचा नाही, आपली आंबट तांबडी माती तिला चालते.

तिसरी, पायवाटेपासून दूर. लहान मुलं जिथे सायकल फिरवतात तिथे नको, कपडे वाळत घालायच्या दोरीजवळ तर नकोच नको, एक साडी फाटली की घरात कोरांटीचं नाव काढता येत नाही. उलट जिथून गुरं आत घुसतात तिथे दीड-दीड फुटावर ओळीने लावा, दोन-तीन वर्षांत चांगली वंय, म्हंजे कुंपण, तयार होते. आमची शेजारीण सुरुवातीला म्हणायची, "बाये, हे कांटे घरांत कित्याक हाडटा गो?" (म्हंजे, बाई, हे काटे घरात कशाला आणतेस गं?) आता तिच्या मिरच्यांच्या वाफ्याला माझ्याच कोरांटीचं कुंपण आहे.

सप्टेंबरच्या काड्या नोव्हेंबरमध्ये जमिनीत गेल्या तर उत्तम, मुळं खाली जायला सहा-सात महिने मिळतात आणि पुढचा पावसाळा त्या सहन करतात. जूनच्या काड्या ऑक्टोबरमध्ये लावा. फ्लॅटवाल्यांनी दहा-बारा इंची कुंडी घ्यावी, मातीत एक तृतीयांश तरी खडे-रेती, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कुंडीखालची ताटली काढून टाकावी. ही ताटली फार झाडं मारते.

वर्षभर काय करायचं, खरं तर काय नाही करायचं

पहिला महिना दोन दिवसांआड पाणी. मग आठवड्यातून एकदा. पहिला उन्हाळा सांभाळून काढा, त्यानंतर जमिनीतल्या झाडाला पाणी घालायची गरजच नाही, मेमध्ये पानं गळून काटक्या दिसायला लागल्या तरी घाबरू नका, पहिल्या पावसात हिरवी होते. खत वर्षातून एकदा पाऊस संपताना एक मूठ. युरिया दिलात तर पानंच पानं येतील आणि फुलं शोधावी लागतील.

छाटणी फुलं संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाडाचा वरचा एक तृतीयांश भाग. जूनच्या शेवटी नवीन फांद्यांचे शेंडे खुडले तर झुडूप गच्च होतं. पण ऑगस्टनंतर कात्री लावायची नाही म्हंजे नाही, फुलं नवीन फांद्यांच्या टोकालाच येतात, चतुर्थीच्या साफसफाईत झाड "नीट" करून टाकलंत की दिवाळीला फुलं नाहीत. आमच्याकडे साफसफाईला येणाऱ्या माणसाने एकदा कोयत्याने चौकोनी करून दिली होती, एकदम पार्कसारखी, त्या वर्षी सात फुलं मोजली मी.

छाटलेल्या काट्या अंगणात पडू देऊ नका, चपलेतून आरपार जातात.

खाणारे आणि येणारे

रोग असा काही विशेष नाही. कधी शेंड्याला पांढरा कापूस दिसतो, पिठ्या ढेकूण तो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, राहिला तर कडुलिंबाचं तेल आणि दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड पाण्यात घालून मारा. खरा त्रास मोठ्या आफ्रिकन गोगलगायींचा. पावसाळ्यात रात्री येतात आणि कोवळ्या रोपाचा शेंडा साफ करून जातात, सकाळी वाटतं कोणी कात्रीने कापलं. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन उचलायच्या, हातमोजे घालून, आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत. पिशव्या जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवल्या तरी निम्मा त्रास कमी.

पानांवर काळसर, फांदीफांदीच्या काट्यांची अळी दिसली तर मात्र औषध मारू नका. लेमन पॅन्सी, पीकॉक पॅन्सी ही फुलपाखरं कोरांटीवर अंडी घालतात. चार पानं खातील, झाडाला काही होत नाही. आणि फुलांच्या दिवसांत सकाळी शिंजीर पक्षी येतात, काट्यांत कसे बसतात देव जाणे.

पसरायला लागली तर

बिया उडवणारं झाड आहे, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून आजूबाजूला पोरं दिसायला लागतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात हीच कोरांटी शोभेसाठी नेली आणि आता तिथे तिला तण म्हणून जाहीर केलंय. आपल्याकडे ती इथलीच, गुरं, वाळवी, बाकीची झुडपं सगळे तिला जागेवर ठेवतात, तरी शेजाऱ्याच्या भाजीच्या वाफ्यात गेली तर भांडण तुमचंच. सोपं आहे, फुलं संपली की लगेच छाटा म्हंजे बहुतेक शेंगा पिकायच्या आधीच निघून जातात, बियांसाठी एकच फांदी ठेवा. कोवळी रोपं पावसात ओल असताना मुळासकट येतात, काटे कडक झाल्यावर तुम्हालाच पश्चात्ताप.

फुलांचं काय करायचं विचारतात. वास नाही, पण रंग असा की आबोलीच्या फातीत (गजऱ्यात) मधेमधे एक गुंफली तर लांबून उठून दिसते. सकाळी ऊन चढायच्या आत काढा, फूल देठाला हलकं असतं, नुसतं वर ओढलं की नळीसकट सुटून येतं, फांदी धरायची गरज नाही आणि काटे लागत नाहीत. दातदुखीला पान चघळा वगैरे जुने लोक सांगतात, दात दुखत असेल तर मी आपली डेंटिस्टकडे जाते.

आणि कोणाला काड्या द्यायच्या झाल्या तर ओल्या पेपरात गुंडाळून, वरच्या टोकाला रंगीत दोरा बांधून द्या. मी आमच्या शेजारणीला दुसऱ्या खेपेला वीस काड्या दिल्या, तिरकं खाली सरळ वर सगळं समजावून सांगितलं, ती हो हो म्हणाली आणि महिन्याभराने तक्रार घेऊन आली की एक पण लागली नाही, तुझं झाडच वाईट. जाऊन बघते तर वीसच्या वीस काड्यांची तिरकी टोकं वर आकाशाकडे. विचारलं तर म्हणाली, टोकदार बाजू वर ठेवली, गुरांना टोचायला.